सोळा गुणांचा अभंग

‘मर्ढेकरांनी संतांचा आकृतिबंध घेतला, संतांची श्रद्धा घेतली नाही.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा. गुण १६.

फळ्यावर एवढं लिहून मी वळले, तर एम. ए. भाग दोनच्या वर्गाने लिहायला सुरुवातही केली होती. पुढच्या बाकावर वाकून पाहिलं. ‘बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म १९०९ साली...’ शेजारच्या वहीत तेच. खाली १९३९ चा ‘शिशिरागम’, १९४७ चा ‘काही कविता’, अश्लीलतेचा खटला, नवकवितेचे प्रवर्तक. सगळं खरं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नाही. शिवाय आम्ही पडलो साताऱ्याचे. मर्ढे हे आपल्याच तालुक्यातलं गाव, म्हणून आडनाव कुठून आलं यावर एक परिच्छेद सुखाने खर्ची पडतो. अभिमान मलाही आहे, पण त्याला परीक्षक गुण देत नाहीत.

“पेनं खाली ठेवा,” म्हटलं. “या विधानाशी भांडायचं झालं, तर नेमकं कुठे भांडाल?”

वर्ग गप्प. विधानाशी भांडता येतं, हेच बहुतेकांना नवं होतं. अवतरणचिन्हांत काही छापलं की ते कुणीतरी थोर समीक्षक बोलला आहे, आपण फक्त ‘वरील विधान सार्थ आहे’ म्हणायचं, अशी झेरॉक्सच्या नोट्सनी सवय लावलेली. प्रश्न अवघड वाटतो तो त्यामुळेच. माहिती सगळ्यांकडे असते, बाजू कुणाकडेच नसते.

मग त्या एका वाक्यात किती दावे आहेत ते मोजायला लावलं. पहिला उघड होता: आकृतिबंध, म्हणजे कवितेचा बाह्य घाट, संतांचा आहे. शेवटचाही उघड: श्रद्धा घेतलेली नाही. मधे एक लपलेला निघाला. आकृतिबंध आणि श्रद्धा अशा सुट्या करता येतात, हे प्रश्नकर्त्याने गृहीतच धरलं होतं. तो सापडल्यावर मागच्या बाकांवर जरा हालचाल झाली.

“पण मॅडम, आकृतिबंध घेतला हे सगळ्यांनाच मान्य आहे. ते कशाला सिद्ध करायचं?”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला? तू दाखव मला.”

मी फळ्यावर मर्ढेकरांच्या ओळी लिहिल्या:

सकाळी उठोनी । चहाकॉफी घ्यावी ।
तशीच गाठावी । वीजगाडी ॥

“अक्षरं मोजा.” एम. ए.ची मुलं बोटांवर मोजायला लाजतात, पण मोजली. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. अभंगाच्या या प्रकाराला म्हणतात मोठा अभंग. कुणीतरी ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ मोजून पाहिलं. तेच माप.

तेवढ्यात तरडगावचा एक मुलगा उभा राहिला. गावातल्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवतो. माउलींची पालखी लोणंद सोडल्यावर त्यांच्या गावी मुक्कामाला असते. वर्गात तो सहसा तोंड उघडत नाही. “मॅडम, म्हणून दाखवू का?”

त्याने ‘सुंदर ते ध्यान’ची एक ओळ धरली, बाकावर बोटांनी ठेका दिला आणि त्याच चालीत ‘सकाळी उठोनी’ सुरू केलं. वर्ग खो खो हसला. ‘चहाकॉफी’वर तर दोघांनी टाळ्या दिल्या. तो मात्र हसला नाही. मी सांगत गेले तशी त्याने पुढची ओळ घेतली, दाती तृण धरून ‘हुजूर’ म्हणण्याची, तीही तितकीच तल्लीन होऊन. हसू हळूहळू आटलं. आठ-दहा वर्षं मी ही कविता शिकवते आहे, पण ती म्हणून पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

“काय झालं आत्ता? आधी हसलात, मग का थांबलात?” मी विचारलं.

मेढ्याहून रोज एस्टीने येणारी एक मुलगी म्हणाली, “शाळेत आमची मनाच्या श्लोकांची स्पर्धा असायची. ‘प्रभाते मनी राम चिंतीत जावा.’ सकाळी उठून काय करावं हे रामदासांनी सांगितलंय. इथेही तेच सांगितलंय. घ्यावी, गाठावी. फक्त राम नाहीये.”

सज्जनगडाच्या पायथ्याशी शिकवण्याचा हा एक फायदा. उदाहरण शोधायला ग्रंथालयात जावं लागत नाही.

तिच्या उत्तराने मधला, लपलेला दावा उघडला. उपदेशाचा सूर जसाच्या तसा, आणि आत भरलेला दिवस कारकुनाचा. मग टिंगल कुणाची आहे? संतांची की त्या दिवसाची? इथे वर्गात सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणे, अभंग आता पोकळ झाला आहे, नुसता ठेका उरलाय, गाडीच्या चाकांसारखा. दुसरी म्हणे, छे, अभंग हे माप आहे. त्या मापाने मोजला म्हणूनच हा दिवस इतका खुजा दिसतो. खरं सांगायचं तर मी दुसऱ्या बाजूची आहे, पण ते बोलले नाही. शिक्षकाने बाजू सांगितली की उरलेला तास तीच उतरवून घेण्यात जातो.

मधल्या सुटीच्या आधी कोरेगावच्या एकाने चिठ्ठी पुढे सरकवली:

पहाटे उठोनी । पास तो शोधावा ।
नाका तो गाठावा । एस्टीसाठी ॥

माप बरोबर होतं. वर्गात वाचून दाखवलं.

आता पुरावे. विधानाविरुद्ध सगळ्यात भक्कम काय? ‘भंगू दे काठिण्य माझे, आम्ल जाऊ दे मनीचे.’ ही सरळ प्रार्थना आहे, उपहासाचा मागमूस नाही. माझ्या वाणीत तुझ्या आवडीचे सूर येऊ देत, असं मागणाऱ्याला श्रद्धा नाही कसं म्हणायचं? मग विधानाच्या बाजूने ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ पुढे आली, आणि ती आपटली पहिल्याच दाव्यावर. तिथे अभंग नाहीच. ओळीच्या मात्रा सोळा, म्हणजे पादाकुलक हे मात्रावृत्त. म्हणजे ‘संतांचा आकृतिबंध घेतला’ हेही सरसकट म्हणता येत नाही. ज्याला पहिला दावा सिद्ध करायची गरज वाटत नव्हती, तो यावर बराच वेळ मान खाली घालून वहीत मात्रा मोजत बसला.

उत्तराच्या मांडणीबद्दल फारसं सांगावं लागलं नाही. आपली बाजू पहिल्याच परिच्छेदात सांगा. विरुद्ध पुरावा शेवटच्या चार ओळींत ‘तथापि’ म्हणून उरकू नका, मधोमध ठेवा आणि त्याच्याशी झगडा. कवीचं चरित्र उत्तराला लागेल तेवढंच.

पुढच्या आठवड्यात उत्तरं आली. काहींनी पुन्हा १९०९ पासूनच सुरुवात केली होती. सवयी एका तासात जात नाहीत. मेढ्याच्या मुलीने विधान अर्धं मान्य केलं आणि ते अर्धं का, हे चार कवितांमधून दाखवलं. तरडगावच्या मुलाने ते पूर्ण नाकारलं. श्रद्धा नसती तर कवीला त्या चहाकॉफीच्या दिवसाची लाज वाटली नसती, असं त्याने लिहिलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. मी त्याला १६ पैकी १२ दिले आणि समासात लिहिलं, ‘पटलं नाही. पिंपातल्या उंदरांचं काय करशील?’

तो वही घेऊन स्टाफरूममध्ये आला. “मॅडम, ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’ असं आहे ना त्यात? मग ही सक्ती करतंय कोण, ते कुणाला विचारलंय?”

मी खुर्ची पुढे सरकवली आणि त्याला बसायला सांगितलं.