खूश कामावर, कारखान्यावर नाही

ऑडिटवाल्याने कागद मागितला म्हणून आमच्या साखर कारखान्यात कामगारांचं समाधान मोजायचं ठरलं. मी तिथे कामगार कल्याण अधिकारी. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की कारखाने अधिनियम 1948 प्रमाणे तेव्हा हे पद भरावंच लागायचं, म्हणून मी होतो असं म्हटलं तरी चालेल. कारखाना गोदाकाठचा, नाव सांगत नाही. जानेवारी चालू होता, गाळप भरात होतं, यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग गेटाबाहेर गेली होती. आणि कामगारांचे चार महिन्यांचे पगार थकलेले होते.

फॉर्म बाहेरच्या कन्सल्टंटने बनवलेला. पगार, वरिष्ठांची वागणूक, सुरक्षितता, कॅन्टीन, बढती असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'अत्यंत असमाधानी' ते 'अत्यंत समाधानी' असे पाच खाने. शेवटचा प्रश्न ठळक अक्षरात: 'एकंदरीत आपण आपल्या नोकरीबाबत किती समाधानी आहात?' चार महिने घरी पैसा नाही, म्हणजे सगळे पहिल्याच खान्यात फुली मारणार, असं मी धरून चाललो होतो.

सुरुवात टाइम ऑफिसपासून, म्हणजे हजेरी लागते तिथून केली. तिथल्या क्लार्कला पंखा आहे, खुर्ची आहे, सावली आहे. त्याने एकही प्रश्न न वाचता सगळीकडे 'अत्यंत असमाधानी' केलं आणि वर मलाच विचारलं, "हे कागद कामून काढलेत साहेब? झेरॉक्सला पैसे आहेत का आपल्याकडं?" गव्हाणीवरच्या, म्हणजे गाड्यांतला ऊस जिथे पडतो तिथल्या पोरांचं गाऱ्हाणं वेगळंच. पगाराचं ते बोललेच नाहीत, ते सगळ्यांचंच दुखणं. त्यांचा राग रिलिव्हरवर, म्हणजे पुढच्या पाळीला जागा घेणाऱ्यावर होता. बारा ते आठची पाळी संपते, पण आठ ते चारवाला नऊला उगवतो, आणि सुपरवायझर त्याला एका शब्दाने विचारत नाही, कारण तो कोणाचा तरी भाचा. पगार थकला तर सगळ्यांचाच थकतो, ते माणूस एक वेळ सोसतो. पण त्याच पाळीत एकाला सूट आणि दुसऱ्याला दम, हे त्याच्या डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी पॅनवर गेलो. लोखंडी जिना चढून वर आलं की थंडी संपते. अंगाला चिकटणारी गोड वाफ, आणि समोर पॅन: दोन पुरुष उंचीची बंद भांडी, पुढे काचेची खिडकी. आत 25-26 इंच व्हॅक्यूम धरलेला असतो, म्हणजे हवेचा दाब बराच कमी, म्हणून उघड्या कढईत शंभरावर उकळणारा पाक इथे साधारण 65 अंशांवर उकळतो आणि साखर करपत नाही. पॅनमनला सगळे नाना म्हणतात. हंगामी कायम, गाळप संपलं की रिटेन्शन अलाउन्सवर, म्हणजे बंद काळातल्या भत्त्यावर घरी.

"ठेवा तिकडं, बगतो," म्हणत त्यांनी फॉर्म घेतलाच नाही. प्रूफ स्टिक, म्हणजे नमुन्याची दांडी फिरवून पाकाचा नमुना काढला, काचेच्या पट्टीवर बोटाने पसरला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. मलाही दाखवला. मला ओली साखर दिसली. नाना म्हणाले, "दाणा सारखा हाय, पर आजून बसला न्हाई. अर्धा तास."

तेवढ्यात व्हॅक्यूमचा काटा थरथरला. व्हॅक्यूम खाली आला, आणि दोन मिनिटांनी एकदम परत चढला. यातला दुसरा भाग धोक्याचा. व्हॅक्यूम झपकन चढला की पाक झटकन थंडावतो आणि नको असलेला बारीक दाणा सुटतो, फॉल्स ग्रेन. मग सेंट्रिफ्युगलला, म्हणजे गरगर फिरून साखर वेगळी करणाऱ्या यंत्राला मळी नीट सुटत नाही, एम-30 या दाण्याच्या प्रतीची साखर घसरते, पोत्यामागे भाव जातो. नानांनी काट्याकडे पाहिलंच नाही. एक हात स्टीमच्या व्हॉल्व्हवर, दुसऱ्याने पाण्याचा कॉक बेतानं सोडला, दोनदा नमुना काढला, दोनदा मान हलवली. तिसऱ्यांदा पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "इरघळला. आता बगा." या वेळी मलाही दिसलं: बारीक धूळ गेलेली, एकाच मापाचे धारदार दाणे. नानांचा चेहरा असा उजळला होता की चार महिन्यांचा पगार विसरायला झालं. मला, त्यांना नव्हे.

मग फॉर्म घेतला. कामाच्या प्रश्नांना शेवटचा खाना, 'अत्यंत समाधानी'. पगाराच्या प्रश्नांना पहिला. ठळक प्रश्नावर अडले.

"हितं काय लिवू? मी कामावर खूश हाय, कारखान्यावर न्हाई. दोन खाने करा की."

शिकताना आम्हाला फ्रेडरिक हर्झबर्ग होता. पिट्सबर्ग भागातल्या दोनेकशे इंजिनिअर आणि अकाउंटंटांना विचारून 1959 मध्ये त्याने मांडलं की माणसाला खूश करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि नाराज करणाऱ्या वेगळ्या. प्रत्यक्ष काम, जबाबदारी, मिळालेली दाद एका बाजूला. पगार, धोरण, साहेबाची वागणूक दुसऱ्या बाजूला. परीक्षेत मी त्यावर चांगले मार्क मिळवले होते. नानांनी ते न वाचता सांगितलं. पण हर्झबर्गच्या इंजिनिअरांचा पगार चार महिने थकलेला नसावा. एका बाजूचं समाधान दुसऱ्या बाजूची लूट झाकायला कसं वापरतात, हे मी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत पाहिलं.

कार्यकारी संचालकांनी फक्त ठळक प्रश्नाची बेरीज मागितली. नानांसारख्यांनी अखेर मधला खाना भरला होता, मिल आणि बॉयलरवरच्या बऱ्याच जुन्या माणसांनी 'समाधानी' केलं होतं. साहेबांनी कागद टेबलावर टाकला. "बघा, लोक नाराज नाहीत. पगाराचं मार्चनंतर बघू. आधी उसाची बिलं." उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचं, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि ते न दिल्यास शेतकरी उसाचा वजनकाटा बंद करतात. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, हजार किंवा जास्त कामगार असतील तर 10 पर्यंत द्यायचा, हेही कायद्यात होतं, 1936 पासून. पण कामगार काटा कसा बंद करणार? त्यांच्यातले निम्मेअधिक ऊस घालणाऱ्या सभासदांचीच मुलं. संप केला तर तोडीवाचून वाळणारा ऊस बापाचा.

मी तेवढंच सांगितलं की ठळक प्रश्न फसवा आहे, पगाराचे आणि कामाचे आकडे वेगळे वाचा. तशी टिपणीही जोडली. एक गोष्ट फॉर्ममध्ये नव्हती तीही लिहिली: पूर्वी कारखान्यात चिकटलेल्या पोराला सोयरिकी चालून यायच्या, आता मुलीचा बाप आधी विचारतो, पगार होतो का? टिपणी फाइलला लागली. ऑडिटवाल्याने पुढचं पान उलटलं.

पुढच्या हंगामात बॉयलर अग्निप्रदीपनाला नाना आले नाहीत. त्यांचे दोन्ही असिस्टंट दसऱ्याआधीच गेले होते. फोन लावला तर नाना कर्नाटकाच्या बाजूला एका खासगी कारखान्यात. "पगार टायमाला होतो साहेब. पर पॅन समदं कॉम्प्युटरवर. मी नुसता बसून ऱ्हातो, दाणा मशीन बगतंय." खूश आहात का, हे मी विचारलं नाही. पोरीचं लग्न ठरल्याचं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

ज्यांना आपल्या कामाची सर्वात जास्त गोडी होती, तेच आधी गेले. साहजिक होतं, हातात कसब असणाऱ्यालाच दुसरं दार उघडं असतं. सगळीकडे 'अत्यंत असमाधानी' लिहिणारा टाइम ऑफिसचा क्लार्क अजून तिथेच आहे.

पॅनमनसाठी जाहिरात दिली. आलेल्या पहिल्या उमेदवाराने पॅन पाहिलंसुद्धा नाही. गेटवर वॉचमनला विचारलं, पगार कुठल्या महिन्यापर्यंत झालाय, आणि चहा न पिता आल्या एसटीने परत गेला.