गोव्यात डायनोसॉर का सापडत नाहीत?

भूशास्त्र शिकवते म्हटलं की फोंडा असो वा डिचोली, प्रश्न एकच येतो: "बाई, गुजरातेत डायनोसॉरची अंडी सापडतात, मग आपल्या गोव्यात साधं हाडसुद्धा का नाही? इथे डायनोसॉर नव्हतेच का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

असावेत, असंच मला वाटतं. नर्मदेच्या खोऱ्यात ते होते, तमिळनाडूत अरियलूरकडे होते. मधल्या भूमीवरून ते नाहीसे झाले असतील असं मानायला काही कारण नाही. पण प्राणी असणं वेगळं आणि त्याचा जीवाश्म उरणं वेगळं. मेलेलं बहुतेक सगळं सडतं, कोल्हेकुत्रे खातात, पावसात विरघळतं. टिकतं ते एखाद्याच्याच वाट्याला येतं.

काय लागतं त्याला? आधी म्हणजे झटपट गाडलं जाणं. अंजुण्याच्या खडकावर मासा मेला तर कावळे आणि खेकडे दोन दिवसांत त्याचा निकाल लावतील. तोच चोडणच्या खाजनातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीतल्या, चिखलात रुतला तर गोष्ट वेगळी. मानशीजवळच्या (भरतीचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दाराजवळच्या) त्या काळ्या रेंद्यात पाय घातलात की कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना? तिथे प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून सडण्याची गती मंदावते. त्यावर गाळाचे थर चढत जातात, चिखल दाबला जाऊन दगड होतो. हाडाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपणारं पाणी आपल्याबरोबरचे क्षार तिथे सोडतं, आणि हाडाचा आकार दगडात राहतो. कधी शिंपलं पार विरघळून जातं आणि त्याचा नुसता साचा मागे राहतो. तोही जीवाश्मच.

आता गोव्याचे दगड पाहा. इथले बरेचसे खडक 250 कोटी वर्षांहून जुने. तेव्हा पृथ्वीवर हाड नावाची चीजच नव्हती, जे होतं ते सूक्ष्मजीवांचं राज्य. शिवाय हे खडक पुढे जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने इतके बदलले की नाजूक खुणा टिकणं कठीण. सत्तरीच्या पूर्व टोकाला, सुर्लाच्या बाजूला, दख्खनचा काळा दगड लागतो. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे थेट डायनोसॉरच्या शेवटच्या काळातला. पण तो लाव्हा, त्यात काय जपलं जाणार! मुंबईत मात्र दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचली आणि त्यांच्या गाळात चिमुकले बेडूक जपले गेले. रिचर्ड ओवेनने 1847 साली त्यांचं वर्णन केलं; डायनोसॉर हे नाव देणारा तोच.

आणि उरला आपला जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो. वर्षानुवर्षांच्या पावसाने मूळ खडकातला चुना आणि सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. शिंपलं, हाड ही चुन्याची घडण. या धुलाईत ती कशी तगणार?

तरी लोक मोठ्या आशेने दगड घेऊन येतात. सर्वांत जास्त येतो तो 'नेच्याचा जीवाश्म': दगड फुटल्यावर आतल्या सपाट भागावर काळ्या रंगाचं, अगदी नेच्याच्या पानासारखं नक्षीकाम. भिंग धरून पाहा. मधली शीर नाही, पानाला कडा नाही, आणि सगळ्या फांद्या दगडाच्या भेगेपासून आत फुटलेल्या. हे मँगनीज. भेगेत शिरलेल्या पाण्यातून ते असं पसरत साचतं, आणि सांगे-केपेकडे मँगनीजला काय तोटा! पान नसलं तरी ते जपून ठेवा असंच मी सांगते, कारण फार देखणं असतं.

जीवाश्म काय काय सांगू शकतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं आहे. तिथे डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन सापडते. 2005 साली तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण मिळाले. भाताची पात हाताला कापते ती याच सिलिकामुळे. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच असं तोवर बहुतेकांना वाटायचं. शेणाच्या एका गोळ्याने ते चित्र बदललं. गुजरातेत ढोली डुंगरीला तर अंड्यांच्या घरट्यात वेटोळं घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप, शेजारी अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू, असं सगळं एका दगडात आहे. भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांनी तो दगड 1984 साली काढला. त्यातला साप मात्र 2001 मध्ये ओळखला गेला.

मग गोव्याच्या वाट्याला काहीच नाही? आहे, आणि भरपूर आहे, फक्त ते समुद्राच्या तळाशी आहे. फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशी जीव चुन्याचं कवच बांधतात. वाळूच्या कणाएवढं किंवा त्याहून बारीक, आणि आत खोल्याखोल्या. जीव मेला की कवच तळाशी बसतं, वर गाळ साचत जातो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तळात नळी खुपसून थरांसकट उभ्या काढलेल्या अशा गाळाचा अभ्यास चालतो. 2015 साली पूर्व अरबी समुद्रात तळाखाली एक किलोमीटरहून खोल भोक पाडलं गेलं, आणि त्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचे एक प्रमुख वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे होते.

या कवचांत पावसाची नोंद असते. नैऋत्य मोसमी वारा जोरात वाहिला की ओमानजवळ खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात फोफावते. म्हणजे गाळाच्या थरात तिची कवचं जास्त, तर त्या काळी मोसमी वारा जोरकस. आपल्या पावसाचा हजारो वर्षांचा इतिहास आज कळतो तो बऱ्याच अंशी अशा कवचांवरूनच. माझ्या मते हे डायनोसॉरच्या हाडाहून कमी मोलाचं मुळीच नाही.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर भरतीच्या पाण्यातल्या चिखलाचा चमचाभर गाळ आणा, बारीक कापडातून पाण्याखाली धुवा, उरलेला रवा वाळवा आणि काळ्या कागदावर पसरून पाहा. त्यात सापडणारी कवचं आजची असतील. खोल थरातली दिसतात ती अशीच.