गमी खाल्ली तर विसरभोळेपणा थांबेल का हो?

आमच्या लालबागच्या मेडिकलवर मेलाटोनिन (झोपेची वेळ जुळवणारं हार्मोन) मागायला पूर्वी यायची ती नाईट शिफ्टची पोरं, नाहीतर परदेशातून परतलेली मंडळी. हल्ली साठी-सत्तरीची गिऱ्हाइकं जास्त. चष्मा कपाळावर चढवून मोबाइलवरचा फॉरवर्ड वाचून दाखवतात की म्हातारपणी मेंदूत होणारा दाह मेलाटोनिनने जातो. परवा पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकांनी थेट विचारलं, "ताई, ही मेलाटोनिनची गमी, म्हणजे चघळायची गोळी, खाल्ली तर विसरभोळेपणा थांबेल का हो?"

फॉरवर्ड म्हटलं की मी आधीच नाक मुरडते, पण हा अगदीच हवेतला नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी राखणीला असतात. जंतू, मेलेल्या पेशी, बाकीचा कचरा उचलणं हे त्यांचं काम. वय झालं की त्या चाळीतल्या म्हाताऱ्या वॉचमनसारख्या होतात, मांजर गेलं तरी शिट्टी. किरकोळ कारणावरून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी दाहक रसायनं सोडतात आणि सोडतच राहतात. असा धुमसता दाह अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतही सापडतो. मेलाटोनिन या पेशींमधली एनएफ-कप्पा-बी आणि एनएलआरपी३ ही दाह पेटवणारी यंत्रणा थंड करतं, असं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत बऱ्याचदा दिसलंय. आणि आपल्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून रात्री पाझरणारं मेलाटोनिन वयाबरोबर कमी होतं, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी न तपासताच खरी वाटते, आणि बाटली खपते.



आता उंदरांचा हिशेब बघा. कित्येक प्रयोगांत त्यांना वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम देतात. साठ किलोच्या काकांना सरळ गुणाकाराने ६०० होतील. असा सरळ गुणाकार करत नसतात, पण माझ्या शेल्फवरची गोळी ३ नाहीतर ५ मिलिग्रॅमची आहे, एवढं अंतर कळायला पुरे. माणसांत मेंदूचा दाह कमी होऊन स्मरणशक्ती टिकली, असा पक्का पुरावा नाही. साधी झोपच घ्या. अल्झायमरच्या रुग्णांना १० मिलिग्रॅमपर्यंत मेलाटोनिन देऊनही झोपेत फारसा फरक पडत नाही, असं कॉक्रेन या औषधोपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात आहे. युरोपात पंचावन्नच्या पुढच्यांना निद्रानाशासाठी २ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी मान्य आहे, पण ती झोपेसाठी.

गमीवर तर माझा मुळीच भरवसा नाही. अमेरिकेत २०२३मध्ये मेलाटोनिनच्या २५ गम्या तपासल्या, तर २२ लेबलला जुळल्या नाहीत. एकीत मेलाटोनिनच नव्हतं!

मी काकांना विचारलं, झोपता कुठे? तर खिडकीसमोर डिजिटल होर्डिंग, रात्रभर रंग बदलणारं. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी निळ्या प्रकाशाला फार हळव्या असतात. त्यांनी मेंदूतल्या घड्याळाला 'अजून दिवस आहे' असं कळवलं की पिनिअल हात आखडता घेते. त्यात वयाने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, म्हणून दिवसाचा हवासा निळा प्रकाशही आत कमी पोचतो. काका दिवसभर आतल्या खोलीत टीव्हीसमोर. म्हटलं, सकाळी गॅलरीत बसून पेपर वाचा, रात्री जाड पडदा ओढा. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी गिऱ्हाईकच हाकलते आहे.

मग त्यांची नेहमीची औषधं बघितली. पिशवीत वॉरफरिन! रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर मेलाटोनिन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. फ्लूवॉक्सामिन ही नैराश्याची गोळी चालू असेल तर मेलाटोनिन रक्तात कितीतरी पटींनी चढतं. गमी दिली नाही. "ठीक आहे, मुलाला ऑनलाइन मागवायला सांगतो," म्हणाले. मागवाल तर मागवा, पण पाकीट फोडायच्या आधी डॉक्टरांना विचारा आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) कधी करायचा तेही ठरवून घ्या, असं मी बिलाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मुलाचा फोन नंबरही मागून घेतलाय.