फोन माळ्यावर, लॅपटॉप ओटीवर

गेल्या पावसाळ्यात भाचीच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरातून भरायचा होता. घरात ब्रॉडबँड नसल्यामुळे सारी भिस्त माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर होती. लॅपटॉप जोडला, वायफायच्या सगळ्या रेषा भरलेल्या दिसल्या, तरी संकेतस्थळ काही केल्या उघडेना. "मामा, वायफाय तर फुल आहे, मग पान का उघडत नाही?" असे भाचीने विचारले आणि घोळ नेमका तिथेच होता. त्या रेषा फक्त लॅपटॉप आणि शेजारी ठेवलेला फोन यांच्यातील जोडणी दाखवतात. फोन मात्र टॉवरकडून जेवढे मिळेल तेवढेच पुढे वाटू शकतो, आणि टॉवरकडूनच काही मिळत नसेल तर हॉटस्पॉट चालू दिसूनही उपयोग शून्य.

म्हणून फोनच्या सेटिंग्जमध्ये सिम स्टेटस उघडून सिग्नलचा आकडा पाहिला. जांभ्याच्या जाड भिंतींच्या माजघरात तो उणे ११८ डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) होता, तर माळ्यावरच्या खिडकीत उणे ९८. हा २० डीबीचा फरक म्हणजे सिग्नलची शक्ती शंभरपट, हे अनेकांना ठाऊक नसते. फोन चार्जरला लावून त्या खिडकीतच ठेवला, आणि हॉटस्पॉटचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ केला, कारण वेग कमी असला तरी ही लहर भिंती-तक्तपोशीतून अधिक चांगली पार होते. लॅपटॉप खाली ओटीवर राहिला आणि पान उघडले.

एवढ्यावर भागले नाही. लॅपटॉपने विंडोजचे अपडेट उतरवायला घेतले. ती जोडणी सेटिंग्जमध्ये 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाची, ठरवली तेव्हा ते थांबले, अन्यथा दिवसाचा डेटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला असता आणि त्या वेगात महाविद्यालयांची यादीसुद्धा उघडली नसती. बहिणीचे फोन सतत येत होते, पण फोर-जीवर व्होल्टीमुळे, म्हणजे कॉलही फोर-जीवरूनच नेणाऱ्या सोयीमुळे, बोलणे आणि डेटा एकाच वेळी चालतात. टू-जीवर फोन घसरला असता तर प्रत्येक कॉलला अर्ज अडकला असता. दुपारी वीज गेली. टॉवर बॅटरीवर चालू होता, पण ती किती वेळ पुरेल याचा भरवसा गावात कोणीच देत नाही, त्यामुळे उरलेले पर्याय भराभर निवडून अर्ज निश्चित केला आणि पावतीची पीडीएफ उतरवून घेतली.