४४ बाइटांचं कीर्तन

परभणीत जुन्या कॅसेटी, व्हीएचएस आणि सीडी संगणकावर उतरवून द्यायचं काम मी करतो. यंदा मे महिन्यात गंगाखेडकडचे एक काका आले. त्यांचे वडील कीर्तनकार होते. गावच्या सप्ताहातलं त्यांचं काल्याचं कीर्तन कुणीतरी २००४ साली रेकॉर्ड करून दोन सीडींवर दिलं होतं. वडील आता नाहीत. खिशातून पेनड्राइव्ह काढत काका म्हणाले, "एकानं सगळं कॉपी करून दिलंय, पण वाजंना झालंय. तेवढं बघा, दादा."

पेनड्राइव्हवर सीडीए नावाच्या फायलींची रांग होती आणि प्रत्येक फाइल ४४ बाइटांची. आवाजाचा एक कणही त्यात नव्हता. ऑडिओ सीडीवर मुळात फायली नसतातच. विंडोज आपल्या सोयीसाठी त्या दाखवतं आणि ट्रॅक कुठं सुरू होतो, किती लांब आहे, एवढीच नोंद त्यांत असते.

"काका, मूळ सीडी कुठंयत?"

"हायेत की! वडलांचा आवाज टाकून कसा देईन?"

दुसऱ्या दिवशी ते सीडी घेऊन आले. पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतो, आणि मराठवाड्यातला उन्हाळा पत्र्याखाली कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

दुकानातला पोरगा म्हणाला, "आयएसओ काढून ठेवू." आयएसओ म्हणजे फायली असलेल्या डेटा सीडीची प्रत, ऑडिओ सीडीला ती चालत नाही. सीडी सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहिलेली असते. डेटा सीडीच्या २३५२ बाइटांच्या सेक्टरात २०४८ बाइट माहिती असते, उरलेले ३०४ ओळख आणि चूक-दुरुस्तीसाठी. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाचे, सेकंदाला असे ७५ सेक्टर. म्हणून ७०० एमबीच्या सीडीची बिन फाइल, म्हणजे सगळे सेक्टर जसेच्या तसे उतरवलेली प्रत, ८०० एमबीच्या वर जाते. तो आकडा बघून गिऱ्हाईक घाबरतं. पण काही बिघडलेलं नसतं.

एमपीथ्रीला मी स्पष्ट नाही म्हटलं. कीर्तन अखंड चाललेलं, रेकॉर्ड करणाऱ्यानं मधेमधे नुसत्या ट्रॅकच्या खुणा टाकलेल्या. एक खूण तर ऐन गजरात. एमपीथ्रीत प्रत्येक ट्रॅकच्या टोकांना थोडी शांतता चिकटते आणि टाळ तिथंच अडखळतो. बिन आणि क्यूमध्ये सगळा आवाज एका फायलीत सलग राहतो, आणि क्यू ही साधी मजकूर-फाइल मिनिट, सेकंद, फ्रेम (सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग) अशी ट्रॅकची जागा सांगते. पंचवीस वर्षांनीसुद्धा ती नोटपॅडमध्ये उघडेल. एनआरजी किंवा एमडीएफ या सीडीच्या प्रतीच्या दुसऱ्या प्रकारांचा मला म्हणून भरवसा वाटत नाही. ते एकेका कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बांधलेले.

पहिल्या सीडीत आणखी एक गोष्ट निघाली. आवाजानंतर दुसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे सीडीवर वेगळ्यानं लिहिलेल्या भागात, सप्ताहाचे फोटो होते. साध्या क्यू फायलीत दोन सेशन धड बसत नाहीत. म्हणून आवाज बिन-क्यूत आणि फोटोंचं सेशन वेगळं आयएसओत घेतलं. फोटो स्क्रीनवर आले तेव्हा काका खुर्ची सोडून जवळ येऊन उभे राहिले. "हे आमचे आबा. हातात वीणा घेतलेले." मला पुढचं काम थोडा वेळ सुचलं नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या सीडीची. बाजारातल्या सीडी ॲक्युरेटरिपच्या, म्हणजे इतरांनी त्याच सीडी वाचून जमवलेल्या निकालांच्या, यादीशी ताडून पाहता येतात, पण गावच्या कीर्तनाची दुसरी प्रत जगात कुणाकडं असणार? दोन वेगळ्या ड्राइव्हवर सावकाश वाचून चेकसम, म्हणजे बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवणं एवढाच मार्ग. तेही ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे वाचायला सुरुवात करण्यातला थोडा फरक, आधी दुरुस्त करून. नाहीतर तोच आवाज काही नमुन्यांनी सरकतो आणि चेकसम जुळत नाही. बहुतेक ट्रॅक जुळले. शेवटाकडं एका ठिकाणी प्रत्येक वाचनात वेगळे बाइट येत होते.

कायमच्या साठवणीसाठी मी बिनमधला आवाज फ्लॅकमध्ये, म्हणजे काही न गमावता आवाज दाबून ठेवणाऱ्या प्रकारात, बदलून सोबत क्यू दिलं. जागा बरीच कमी लागते, एक बाइटही गळत नाही, आणि मूळ आवाजाचा एमडी५ नावाचा चेकसम फ्लॅकमध्येच असतो, म्हणून पुढं फाइल बिघडली तर कळतं. फायलीचं नाव बदललं तर क्यूमधलंही बदला, हे काकांच्या मुलाला करून दाखवलं. एक प्रत त्यांच्या हार्डडिस्कवर, एक पुण्याच्या भावाकडं.

त्या बिघडलेल्या जागेवर सॉफ्टवेअर अंदाजानं आवाज सांधू शकतं. मूळ प्रतीत मी तसं केलं नाही. कोणत्या मिनिटाला, किती सेकंद संशयास्पद आहेत ते मजकूर-फायलीत लिहून सोबत दिलं आणि ती सीडी फेकू नका, म्हणून सांगितलं. दुसरा एखादा ड्राइव्ह ती जागा अजूनही वाचू शकेल.