तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेला किती तास लागतात?

सांगलीला गेले की दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच, "विमानात किती तास बसावं लागतं गं?" मी "सोळा" म्हणते, समोरचा "बाप रे" म्हणतो आणि विषय संपतो. यंदा शेजारच्या काकू मात्र संपवू देईनात. "मागच्या खेपेला तर चौदा म्हणाली होतीस!"

दोन्ही खरं आहे, काकू. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगानं भागलं तर चौदा तास येतात. पण तिकडे वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला सोळाच्या आसपास, यायला चौदा-साडेचौदा. कृष्णेत पोहलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

बाबा पहिल्यांदा आले तेव्हा समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघून घाबरले होते. अमेरिका पश्चिमेला, मग हा वर उत्तरेकडे कुठं निघाला? घरी आल्यावर मी त्यांना कलिंगडावर दोरा ताणून दाखवला. शाळेतल्या सपाट नकाशावर आडवी रेघ जवळची वाटते. गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची वाट वर सरकते, पार ६५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे फिनलंड-स्वीडनच्या अंगानं. प्रत्यक्षात विमान वारा आणि बंद हवाई हद्दी बघून इकडेतिकडे होतं, ते वेगळं. बाबांना पटलं, पण कलिंगड कापल्यावर.

घड्याळाचा घोळ आणखी मजेचा. हिवाळ्यात मुंबईहून रात्री दीडला सुटलेलं विमान सकाळी सातला न्यूयॉर्कला उतरतं, तारीख तीच. काकूंनी बोटं मोजली. "म्हणजे साडेपाचच तास की!" तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, काकू. उन्हाळ्यात ते एक तास पुढे सरकवतात, तेव्हा साडेनऊ. परतताना हेच तास व्याजासकट कापले जातात: दुपारी बाराला निघावं, तर मुंबईत दुसऱ्या दिवसाची दुपार.

पण खरा हिशेब घरापासून घरापर्यंतचा. सांगलीतून सकाळी दहाला गाडी निघते. पुण्याबाहेरची कोंडी धरून रात्री आठ-नऊला विमानतळ. मग सामान, तपासण्या, ताटकळणं. तिकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, आणि पूल ओलांडून न्यू जर्सी. माझ्या दाराला किल्ली लागेपर्यंत चौतीस तास झालेले असतात. विमान त्यातलं निम्मंसुद्धा नाही, आणि दमवतं ते उरलेलंच.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "यात चहाचे थांबे धरलेस का?"

धरलेत. एक साताऱ्यापुढे, एक खालापूरला.