कॉल कुणाच्या घड्याळाने?

मार्च आला की ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "ताई, सोमवारपासून कॉल साडेसहाला ना?" हो, न्यूयॉर्कच्या क्लायंटबरोबरचा आमचा संध्याकाळचा कॉल साडेसहाला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपली वेळ बाराही महिने तीच. (दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, आपल्याकडेही घड्याळ तासभर पुढे होतं.) म्हणून न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात.

खरी पंचाईत याच कॉलवर असणाऱ्या लंडनच्या लोकांची. त्यांचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं. मधले दोन-तीन आठवडे दोनचा कॉल त्यांना एक वाजता, ऐन जेवणाच्या वेळी घ्यावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा आठवडाभर तेच.

रिकरिंग इन्व्हाइट, म्हणजे पुन्हापुन्हा होणाऱ्या कॉलचं एकच आमंत्रण, पाठवताना टाइम झोनच्या खान्यात शहर निवडा, न्यूयॉर्क. ईएसटी नको, ती तिथली हिवाळी वेळ; उन्हाळ्यात तिथे ईडीटी, म्हणजे तासभर पुढची वेळ, चालू असते. भारतीय वेळ धरली, तर आपले साडेसात पक्के, पण उन्हाळ्यात क्लायंटकडे दहा वाजतात आणि त्यांची पुढची मीटिंग आडवी येते. यूटीसी, म्हणजे कधीच न सरकणारी जागतिक प्रमाणवेळ, धरली तरी तेच. कुणाची ना कुणाची वेळ सरकणारच, ती कुणाची हे आधी बोलून ठरवायला हवं.

आणि बोलताना आपल्या बाजूचा तासही मांडायला हवा. आमच्या टीममधली एक मुलगी बदलापूरला राहते. साडेसातचा कॉल साडेआठला आटपायचा, मग ऐरोलीहून ठाणे लोकल, ठाण्याला पूल चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर बदलापूर गाडीची वाट. नोव्हेंबर लागला की ती आईला फोन करून सांगायची, "तू जेवून घे." हे मी मॅनेजरना सांगितलं, त्यांनी क्लायंटला. आता हिवाळ्यात कॉल न्यूयॉर्कच्या साडेआठला असतो, म्हणजे आपल्याकडे सातला. लंडनलाही दीड चालला.

त्यासाठी मी इन्व्हाइटच दोन केलेत, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. दोन्हींना शेवटची तारीख घातली आहे, अमेरिकेतलं घड्याळ बदलण्याच्या आधीचा शुक्रवार.